अंग विसरत नाही

(सुरगाणा इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. दोन-चार शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



मला भाषण करता येत नाही. मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या फटक्यात. कविता लिहितो, म्हणून मला इथं बोलावलं. पण कविता आज खिशातच राहू द्या. या तालुक्याचं एक देणं माझ्या अंगावर आहे. ते फेडल्याशिवाय माझ्या तोंडातून कविता निघायची नाही.

तुमच्याच एका पाड्यावरचा पोरगा माझ्यासोबत गोदीत होता. नाव घेत नाही. त्याची आई इथं बसलीय. तिला विचारून, तिनं मान हलवली म्हणून बोलतोय. आम्ही एका टोळीत होतो. कडधान्याची पोती, लोखंडाच्या कॉइल, पडेल ते. पाळी संपली की तो दारूच्या गुत्त्यावर जायचा आणि मी पुलाखाली. तो देशी प्यायचा, मी गर्द ओढायचो. ज्याला ब्राऊन शुगर म्हणतात तेच. हे माझ्याबद्दल पहिल्यांदाच भर सभेत सांगतोय. ज्यांना ऐकून उठून जायचंय त्यांनी जा. मी थांबतो.

कुणी उठलं नाही. बरं झालं.

त्या पोराला जाऊन आता दोन वर्षं होतील. त्याच्या दिवसकार्याला मी आलो होतो, तेव्हा माणसं एकच बोलत होती. "सोडली होती ना? तीन-चार महिने थेंब नव्हता घेतला. मग परत प्यायलाच कशाला? मनातच ताकद नव्हती. आईची माया नव्हती." ती आई चुलीपाशी बसून हे ऐकत होती. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज थोडं आहे. दोन वर्षं मी जिथं मिळेल तिथं वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. ते उत्तर द्यायला आलोय.

आधी आमची हकिकत ऐका.

एका दिवाळीनंतर मी मुंबईत दवाखान्यात पडलो. पंधरा दिवस. टर्की काय असते ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, हाडं कुणी पिळतंय असं वाटतं, आणि पोट? पोटाचं विचारू नका. पंधरा दिवसांनी अंग उतरलं. हा पोरगा मला म्हणाला, "इथं राहशील तर परत जाशील. चल माझ्या घरी. मी पण सोडतो." नाशिकहून दिंडोरी, वणी करत एसटीनं आम्ही इथं आलो. मार्गशीर्ष चालू होता. पाड्यावर डोंगऱ्या देवाचं चाललेलं. हा माउल्यांत जाऊन बसला. पहाटे अंघोळ, अनवाणी फिरणं, पावरीच्या सुरावर नाचणं, आणि दारूला शिवायचं नाही. वर्षभर पिणारी माणसं त्या दिवसांत पीत नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला नवल वाटलं. ही माणसं जर मनाची दुबळी, तर हे दिवस निभावतात कसे?

आणि माझंही नवल. मुंबईत दवाखान्याच्या खाटेवर मला गर्दची स्वप्नं पडायची. इथं आठ दिवसांत ती थांबली. लाकडं फोडली, नाचणीची भाकरी खाल्ली, थंडीत शेकोटीला बसलो. तलफ म्हणून आली नाही. मला वाटलं, सुटलो. आता आपण मोकळे.

मग फाल्गुन आला. मोहाला फुलं आली. पहाटे झाडाखाली सडा पडायचा, बायापोरं टोपल्या घेऊन वेचायला जायची. आम्ही दोघं त्या वाटेनं चाललो होतो. मला काय, गोडसर वास आला. बरा वाटला. एक फूल तोंडात टाकलं आणि पुढं झालो. मागं बघतो तर हा थांबलेला. कपाळावर घाम. पहाटेच्या गारव्यात घाम! दोनदा थुंकला, तोंडात पाणी सुटत होतं त्याच्या. हात बगलेत दाबून धरलेले. मला म्हणाला, "तू हो पुढं." मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, "काही नाही. वास."

तोच वास, तीच पहाट, माणसं दोन. माझ्या अंगानं त्या वासाकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्याचं अंग पेटलं.

त्या दिवशी तो प्यायला नाही. होळीलाही कसाबसा राहिला. होळीनंतर मी मुंबईला परतलो, तो द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं गेला. आता माझी पाळी होती. हार्बर लायनीची गाडी, माझं नेहमीचं स्टेशन. गाडी थांबायच्या आधी ब्रेकचा तो लांब कर्कश आवाज आला आणि माझ्या पोटात कळ उठली. संडासला पळावं अशी कळ. नाकातून पाणी. जांभई. मी घाबरलो. चार महिने अंगात कण नाही आणि ही टर्की कुठून? पुलाखालून जाताना कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद टाकला होता. तो बघितला आणि गुडघे कापले. मी पन्नीवरच ओढायचो. तुमचा पोरगा त्या पन्नीवरून शंभरदा चालून गेला असेल. त्याला तो कचरा होता. मला ती हाक होती.

आता मी जे शिकलो ते सांगतो. सोपं करून सांगतो, कारण मलाही सोपं झाल्यावरच कळलं.

रशियात पावलोव नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याच्या कुत्र्यांची गोष्ट शाळेत ऐकली असेल. खाणं देण्याआधी रोज एक खूण द्यायची. काही दिवसांनी नुसती खूण दिली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी. एवढंच आपल्याला शिकवतात. पण त्याच पावलोवनं आपल्या व्याख्यानांत दुसरीही गोष्ट सांगितलीय, ती कुणी शिकवत नाही. कुत्र्यांना रोज मॉर्फिनची सुई दिली. मॉर्फिन म्हणजे अफूचंच सत्त्व, आणि गर्द ही त्याचीच पोर. मॉर्फिन दिलं की कुत्र्याला लाळ सुटते, उलटी होते, झोप येते. काही दिवसांनी सुई टोचायच्या आधीच, माणूस पिशवी उघडून तयारी करताना दिसला की कुत्र्याला लाळ, उलटी, झोप सुरू. औषध बाटलीतच आहे. अंगात काहीच गेलेलं नाही. तरी अंग चालू झालं. आता सांगा, त्या कुत्र्याच्या मनात ताकद नव्हती का?

अमेरिकेत केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला व्यसनी लोकांसाठी सरकारी दवाखाना होता, अर्धा तुरुंग, अर्धा इस्पितळ. तिथं अब्राहम विक्लर नावाच्या डॉक्टरनं एक गोष्ट हेरली आणि 1948 साली लिहून ठेवली. महिनोन्महिने कोरडी राहिलेली माणसं एकत्र बसून जुन्या मालाच्या गप्पा मारायला लागली की जांभया द्यायची, नाक ओढायची. नुसत्या गप्पांनी टर्की! आणि सुटून आपल्या जुन्या मोहल्ल्यात पाय टाकला की तेच. ते वाचलं तेव्हा मी रात्री एकटाच हसलो आणि मग रडलो. हा माणूस माझ्या स्टेशनाबद्दल लिहीत होता. माझ्या जन्माच्या किती तरी आधी.

आता कुणी विचारेल, खूण बघितली तर मजा आठवायला पाहिजे, दुखणं का आठवतं? याचं उत्तर मोठं चलाख आहे. आपलं अंग तराजूसारखं आहे. गर्द श्वास मंद करते, पोट बांधते, दुखणं मारते. अंगाला हे धोक्याचं वाटतं. म्हणून ते उलट्या बाजूला वजन टाकतं. श्वास वाढव, पोट ढिलं कर, दुखणं जागं ठेव. रोज त्याच पुलाखाली, त्याच वासात, त्याच वेळी माल येतो, हे अंग शिकतं. मग ते माल यायची वाट बघत नाही. पूल दिसला की आधीच वजन टाकून मोकळं. त्या दिवशी माल आला नाही, तर तराजू एका बाजूला आदळतो. तीच ती कळ. तेच नाकातलं पाणी. पोट दुखतं ते खोटं नाही, नाटक नाही. पोट खरंच दुखतं.

यात एक जीवघेणी गोष्ट लपलीय, ती नीट ऐका. शेपर्ड सीगल नावाच्या संशोधकानं 1982 साली उंदरांवर प्रयोग छापला. उंदरांना रोज एका ठरावीक खोलीत हेरॉइन देऊन सरावाचं केलं. मग एक मोठा डोस दिला. अर्ध्यांना त्याच ओळखीच्या खोलीत, अर्ध्यांना दुसऱ्या खोलीत. ओळखीच्या खोलीत शंभरात 32 मेले. दुसऱ्या खोलीत 64 मेले. डोस तोच, उंदीर त्याच सरावाचे. फरक फक्त खोलीचा. दुसऱ्या खोलीत अंगाला खूणच मिळाली नाही, म्हणून त्यानं उलटं वजन टाकलं नाही. दारूचंही या जातीचंच. 1997 साली छापलेल्या एका प्रयोगात काही लोकांना बिअर दिली आणि काहींना तेवढीच दारू घातलेलं निळं, पेपरमिंटच्या चवीचं पेय दिलं. निळं पिणाऱ्यांना जास्त चढली. अंगाला ती चव ओळखीची नव्हती.

आता तुमच्या पोराकडं या. शनिवारी बागेवर मजुरी हातात पडली. मजुरी वाटायची जागा दारूच्या दुकानाशेजारी. कुणाची बाग, कुणाचं दुकान, त्यात जात नाही. चार महिन्यांच्या कोरड्या अंगानं तो त्याच्या जुन्या मापानं प्यायला. जुनं माप म्हणजे गोदीतलं माप. पण अंग आता गोदीतलं नव्हतं. सराव गेलेला, जागा नवी, माणसं नवी. झोपेत उलटी झाली, ती श्वासात अडकली. सकाळी उठला नाही. मी डॉक्टर नाही, मी काही दाखला देत नाही. पण एवढं मी शपथेवर सांगतो, आईची माया कमी होती म्हणून तो मेला नाही. सोडल्यानंतर परत घ्यायची पाळी आली तर जुनं माप माणसाला मारतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात मला कुणी सांगितलं नाही, गोदीत त्याला कुणी सांगितलं नाही. ते मी आज तुम्हाला सांगतोय.

"पण मग त्याला एवढी ओढ का? एवढी वाईट गोष्ट, आवडते तरी कशी?" हे एका बहिणीनं मघाशी चहाच्या वेळी विचारलं. बाई, आवडणं वेगळं आणि हवं वाटणं वेगळं. शेवटच्या वर्षी मला गर्द आवडत नव्हती. शप्पथ. पण हवी होती. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांवर बघितलं. रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी चमकायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकड शिकल्यावर पेशी दिव्याला चमकायला लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर त्या पेशी गप्प पडायच्या, नेहमीपेक्षाही गप्प. म्हणजे दिवा लागला की मेंदू म्हणतो, ऊठ, चल, येतंय! आणि नाही आलं की सगळं काळं. आपल्या लोकांना शिव्या देणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. नाक्यावरची पाटी दिसली की ऊठ म्हणणारा आवाज बोलवून आणलेला नसतो.

आणि दिवस गेले की ओढ आपोआप कमी होते, हाही भ्रम. 2001 साली कोकेनच्या सरावातल्या उंदरांवर प्रयोग झाला. माल बंद केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत खुणेनं उठणारी ओढ कमी न होता वाढत गेली. म्हणून जो म्हणतो "महिना झाला, आता मला काही होत नाही", त्याच्याजवळ जास्त बसा. तो महिना फसवा असतो. मीही इथं शेकोटीला बसून तसंच म्हणत होतो.

मग सुटका नाहीच का? आहे. तीही याच गोष्टीत आहे.

व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेचे सैनिक हेरॉइनला लागले. पाचात एक, एवढं प्रमाण. सरकार हादरलं, म्हणालं हे परत आले की आमच्या गल्ल्या भरतील. ली रॉबिन्स या बाईनं परतलेल्यांचा पाठपुरावा केला. जे तिकडं व्यसनी होते त्यातले शंभरात पाचच घरी आल्यावर पहिल्या वर्षात परत अडकले. का? त्यांच्या सगळ्या खुणा तिकडं समुद्रापार राहिल्या. ते जंगल, तो दारूगोळ्याचा वास, ते सोबती, ती भीती. आणि आमच्या मुंबईच्या पोराचं काय? दवाखान्यातून सुटला की त्याच पुलाखाली. त्याला दुसरं घर नाही. सैनिकाचा पूल समुद्रापलीकडं राहिला. आमचा पूल आमच्या दारात. पैशेवाल्याचा मुलगा अडकला की बाप त्याला परगावी ठेवतो, परदेशी धाडतो. खुणांपासून लांब जायलाही पैसा लागतो. त्या हिशेबात माणसाच्या ताकदीची वजाबाकी करू नका.

आणि या खुणा लावल्या कुणी? मोहाचं झाड तुमचं. फूल तुमचं. तुमच्या आज्या-पणज्यांनी ते खाल्लं, गाळलं, देवाला वाहिलं. 1878 साली इंग्रजांच्या मुंबई सरकारनं अबकारी कायदा केला. घरी गाळणं गुन्हा. दारू सरकारी भट्टीची, ठेका देणार तो विकणार, पैसा सरकारच्या तिजोरीत. सणाची दारू दुकानाची झाली. सण वर्षातून चारदा येतो, दुकान रोज उघडं असतं. खूण रोजची झाली. मी जुन्या मोहाचे गोडवे गात नाही, त्यानंही घरं मोडली असतील. पण बाजार आणि सण यातला फरक तुम्हाला कळतो.

याच पट्ट्यात 1922 साली काय झालं, ते तुमच्या म्हाताऱ्यांच्या म्हाताऱ्यांनी पाहिलंय. सळाबाई देवी आली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांपासून निघाली, आत डोंगरात शिरली, सुरगाणा, डांग करत नोव्हेंबरपर्यंत सुरत जिल्ह्यात पोचली. माणसांच्या अंगात यायचं आणि देवी बोलायची. दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, दारूच्या ठेकेदाराकडं कामाला जाऊ नका. गावंच्या गावं उठली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं यावर 1987 साली अख्खं पुस्तक लिहिलंय. मी देवबिव मानत नाही. मांस-मच्छी सोडायला सांगितलं तेही मला पटत नाही, गरिबाच्या ताटातला तो एकच कस. पण मी ते आता दुसऱ्या डोळ्यांनी बघतो. त्या लोकांनी काय केलं? एकेकट्याला "मन घट्ट कर" म्हणून सांगितलं नाही. सगळ्यांनी एकदम खुणाच बदलल्या. दुकानाची वाट बंद, ठेकेदाराची चाकरी बंद, पहाटेची सवय नवी, बसायची जागा नवी, सोबत नवी. डोंगऱ्या देवाच्या दिवसांत तेच होतं. म्हणून तेवढे दिवस माणूस तरतो. पुढं बरेच जण परत प्यायला लागले, हेही खरं. कारण देवी गेली आणि दुकान राहिलं.

आता करायचं काय, ते सांगतो आणि बसतो. हे उपदेश नाहीत. हे मी स्वतः करतो.

एक. आपल्या खुणांची यादी करा. कागदावर, नाही तर पाठ. कुठली वाट, कुठला वार, कुठला माणूस, कुठलं गाणं, कुठला वास. माझ्या यादीत सत्तावीस होत्या. ब्रेकचा आवाज, चंदेरी कागद, काडी पेटल्याचा वास, हातात सुटे पैसे. आणि आतल्याही असतात. भूक, अपमान, एकटेपण. मुकादमानं आईवरून शिवी दिली की माझ्या हाताला पन्नी हवी व्हायची. जिथं वाट बदलता येते तिथं बदला. मी आता एक स्टेशन आधी उतरून चालतो. बाराशे पावलं जास्त. रोज.

दोन. कळ उठली की ती लाट आहे, हे ध्यानात ठेवा. चढते, शिखर गाठते, उतरते. माझी बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. तेवढा अर्धा तास एकटं राहायचं नाही. फोन करा, पाणी प्या, कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसा. ओटा कुणाचा, ते आधीच ठरवून ठेवा. कळ उठल्यावर शोधायला जाऊ नका.

तीन. पैसा हातात थांबवू नका. मजुरी मिळण्याच्या दिवशी घरचं माणूस सोबत न्या.

चार. दवाखान्याची लाज धरू नका. गर्दवाल्याला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांवर मिळते, ती ओढ दाबून धरते. मीही घेतली. त्यात कमीपणा नाही. आणि जो वर्षानुवर्षं सकाळपासून पितोय, त्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. त्याला झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवा. मला माहीत आहे, इथून दवाखाना किती लांब आहे. 2022 साली तुमच्या सीमेवरच्या गावांनी "सोयी देत नसाल तर आम्हाला गुजरातेत घाला" म्हटलं होतं. जिथं दारू पोचते तिथं डॉक्टर का पोचत नाही, हा प्रश्न मोर्चाचा आहे. सरकारची 14446 ही फुकट फोनलाइन आहे, ती तरी लिहून घ्या.

पाच. जो सोडून परत आलाय त्याला आग्रह करू नका. "एवढीशी घे, सण आहे" हा शब्द त्याच्यासाठी विष आहे. आणि घसरलाच तर त्याला आधी सांगा, जुनं माप नको, एकटा झोपू नको, कुशीवर झोप. ओरडा नंतर.

सहा. बायांसाठी. महाराष्ट्रात आडव्या बाटलीचा कायदा आहे. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. एक दुकान बंद म्हणजे शंभर माणसांच्या वाटेवरची एक खूण कमी. बंदीनं चोरटी दारू येते, हे खरं आहे. पलीकडं गुजरातेत 1960 पासून बंदी आहे आणि हद्दीवरून काय काय जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून नुसतं दुकान बंद करून चालणार नाही, माणसाला बसायला दुसरी जागा लागेल. ती जागा तुम्ही तरुणांनी काढायची. संध्याकाळी सहा ते नऊ. तीच वेळ वाईट.

आणि शेवटचं आमच्या मुंबईच्या मित्रांसाठी, जे हे छापून वाचतील. व्यसनमुक्तीच्या पोस्टरवर सुई आणि बाटली छापू नका रे. ज्याच्यासाठी पोस्टर लावता त्याच्यासाठी ती खूण आहे. आणि आपली कविता. कवितावाचन संपलं की आपण कुठं जातो? बारमध्ये. दारू प्यायल्याशिवाय विद्रोह येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं? मी स्वतः गर्दवर चार कविता लिहिल्यात, टाळ्या घेतल्यात. त्यातली एक वाचून झाल्यावर एक पोरगा माझ्याजवळ आला, नाक पुसत. मी त्याला ओळखलं. नाक का वाहतंय तेही ओळखलं. माझी कविता त्याच्यासाठी पन्नी झाली होती. ती कविता मी परत वाचलेली नाही.

मावशी, तुमच्याकडं बघून एवढंच. तुमच्या पोरानं मला या गावात आणलं म्हणून मी जिवंत आहे. मोहाच्या वाटेवर त्या पहाटे तो थांबला, घामानं भिजला, आणि तरी प्यायला नाही. त्या दिवशी त्याच्यात जेवढी ताकद होती तेवढी मी अजून कुणात बघितली नाही. ती एकटी पुरत नाही, एवढंच. आम्हाला कुणाला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं नाही, चल, मीपण थांबतो. मी पुढं चालत गेलो. हे माझं देणं.

येत्या होळीला मी इथं येतोय. मोह फुललेला असेल. तुमच्यातला ज्याला त्या वाटेनं जायचं भय वाटतं त्यानं मला हाक मारावी. आपण दोघं जाऊ. कविता तेव्हा वाचेन.

जोहार.